बिनशिक्क्याची काठी

काठी म्हटलं की लोकांना एक तर म्हैस आठवते, नाहीतर मास्तर. "तुम्ही काय काम करत होता?" असं कुणी विचारलं आणि मी "काठ्या बनवत होते" असं सांगितलं, की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी म्हैस येते, मग मास्तर येतो, आणि मग तो बिचारा विषय बदलतो. म्हणून हल्ली मी सरळ सांगते, बिलियर्डच्या काठ्या. मग तर पंचाईतच. बेळगावात? बाईमाणसानं? बिलियर्ड? एका लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "म्हणजे तुमचे मिस्टर खेळायचे वाटतं?" मी म्हटलं, "मिस्टर बसमध्ये कंडक्टर होते. ते फक्त घंटीच्या दोरीशी खेळायचे." बाई जिलबीकडं वळल्या.

आता दिवाळी अंकवाले लिहाच म्हणून मागं लागलेत, तर एकदा काय ते सांगून टाकते. बेळगावच्या कॅम्पात एका गल्लीत आमचं दुकान होतं. पुढच्या खोलीत लाकूड, मागच्या खोलीत संसार आणि मधल्या दारात मी. दुकान माझ्या सासऱ्यांचं. सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं, म्हणून सून असून मीही आप्पाच म्हणायची. साहेबांच्या राज्यात क्लबातल्या काठ्या दुरुस्त करणारा एक म्हातारा गोवेकर मिस्त्री होता, त्याच्या हाताखाली आप्पा तयार झालेले. साहेब गेले, पण टेबलं काही त्यांना बोटीत घालून नेता आली नाहीत. ती राहिली मिलिटरीच्या मेसमध्ये, गावातल्या क्लबांत, निपाणीला तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या जिमखान्यात. टेबल आहे म्हणजे खेळणारे आले, आणि खेळणारे आले म्हणजे काठ्या मोडणार, वाकणार, टोकं झिजणार. आमची चूल त्याच्यावर पेटायची.

मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन जांबोटीहून इथं आले. सासूबाई आधीच गेलेल्या. ठरलेलं असं, की आप्पांच्या मागं त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे हे, दुकान बघणार. पण ह्यांना शिसवाचा भुसा सोसायचा नाही. रंधा हातात घेतला की अंगभर गांधी उठायच्या, डोळे सुजायचे. आमसुलाचं पाणी लावून झालं, डॉक्टर झाले, तोंडाला फडकं बांधून झालं. आणि शिसव तर आमच्या काठीचा निम्मा जीव. शेवटी आप्पाच म्हणाले, "जा बाबा, तिकिटं फाड. लाकूड तुला नको म्हणायलंय." हे बसमध्ये लागले, आणि स्वयंपाक आवरला की मी दुकानात पॉलिश पेपर घासायला बसू लागले.

एके दिवशी आप्पा एक काठी डोळ्याला लावून बघत होते. मी त्यांच्या मागं उभी होते. म्हटलं, "आप्पा, मधल्या अंगाला डावीकडं गेलीय."

त्यांनी वळून बघितलं. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? दिसायलंय की."

"मला दिसाय न्हाय ते अजून," असं म्हणून त्यांनी काठी काचेच्या तक्त्यावर टाकून गडगडवली. सरळ काठी गप लोळत जाते, वाकडी असेल तर टकटक करते. काठीनं टकटक केलं. आप्पा माझ्याकडं बघतच राहिले आणि म्हणाले, "उद्यापासनं भाकरी थापायचं दुसऱ्या कुणाला तरी सांग." दुसरं होतं कोण घरात? भाकरीही मीच थापल्या आणि रंधाही मीच मारला.

ह्या काठीत एवढं असतं काय, असं तुम्हाला वाटत असेल. सांगायला सोपं आहे. टोकापासून बुडापर्यंत एकच अखंड लाकूड, फिकट रंगाचं, चिवट आणि सरळ रेषांचं. विलायती अ‍ॅश लाकूड मिळायचं केव्हाच बंद झालेलं, म्हणून आप्पा आमच्या जांबोटीकडचा हेद वापरायचे. पिवळसर, गुळगुळीत लाकूड. ते आणायला सरकारी डेपोत जावं लागायचं. तिथला कारकून "नाळे बर्री" म्हणायचा, म्हणजे उद्या या, आणि आप्पा खरंच दुसऱ्या दिवशी जाऊन उभे राहायचे. लाकूड आणल्यावर लगेच हात लावायचा नाही. चुलीच्या वर आढ्याला बांधून ठेवायचं. आमच्याकडं पावसाळ्यात दारं फुगून बसतात, तिथं काठीची काय कथा! असे काही पावसाळे धूर खात, ज्याला वाकायचंय ते लाकूड वाकून घेतं. जे सरळ उरलं ते आपलं.

मग खरं काम. बुडाकडच्या अंगाला चारी बाजूंनी उतरते काप घ्यायचे, त्या कापांवर काळ्या शिसवाच्या चार पट्ट्या सरसानं चिकटवायच्या, आणि वाळल्यावर हातात फिरवत फिरवत रंधा मारून सगळं गोल करायचं. गोल होता होता पिवळ्या लाकडावर शिसवाची चार टोकं वर चढत येतात. आप्पा त्यांना पाकळ्या म्हणायचे. ह्या पाकळ्या कुणी कोरत नाही, आखतही नाही, त्या रंध्याखालून आपोआप निघतात. चारी एका उंचीला थांबल्या तर तुमचा हात बरोबर. एक जरी वर-खाली गेली, तर सुधारायला वाव नाही, कारण सुधारायला जाल तेवढी काठी बारीक होत जाणार. आमच्या दुकानाच्या माळ्यावर अशा फसलेल्या काठ्यांचा भारा होता, आणि त्यातल्या बऱ्याच माझ्या होत्या. आता फॅक्टरीत यंत्र पाकळ्या कापतं, सुईसारख्या टोकदार आणि सगळ्या हुबेहूब. चांगल्या असतात, मी नावं ठेवत नाही. पण त्यांच्याकडं बघून काठी कुणाची ते ओळखू येत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

गिऱ्हाइकं तर काय एकेक नमुने! एक रिटायर कर्नलसाहेब होते. हरले की दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर. "आप्पा, काठी वाकली." आप्पा काठी ठेवून घ्यायचे, आठवड्यानं जशीच्या तशी परत द्यायचे, आणि साहेब खूश होऊन जायचे. मला ते पटायचं नाही. मी एकदा म्हटलं, "आप्पा, ही फसवणूक झाली." आप्पा म्हणाले, "काठी सरळच हाय गं. माणूस वाकला होता, तो आठ दिवसांत सरळ झाला." त्या कर्नलसाहेबांनी पुढं आमच्याकडं निम्मी मेस पाठवली.

नवीन माणूस काठीचं माप द्यायला आला, की आप्पा त्याच्या खांद्याला टेप लावण्याआधी त्याला काठोकाठ भरलेला चहा द्यायचे आणि तो कप उचलताना त्याचं कोपर बघायचे. कुणाचं कोपर अंगाला चिकटतं, कुणाचं बाहेर जातं. त्यावरून काठीचा तोल कुठं ठेवायचा ते त्यांच्या मनात ठरायचं. बुडात शिसं किती ओतायचं तेही. निपाणीच्या एका व्यापाऱ्याची बायको गुपचूप काठी करून घ्यायला आली होती. नवऱ्यानं घरात शोभेला टेबल आणून ठेवलेलं, आणि तो पेढीवर गेला की ही खेळायची. आप्पांना बाईच्या कोपराकडं बघायचं म्हणजे संकोच. तिथं मी बसले. सुंदर हात होता त्या बाईचा. तिला काठी दिली तेव्हा ती लहान मुलीसारखी हसली.

आता मूळ मुद्द्याला येते. आमच्या ह्या अख्ख्या भागात हातानं पाकळ्या काढणारे कारागीर दोनच. बेळगावात आमचे आप्पा आणि निपाणीला दादू अण्णा. दोघं त्या गोवेकर मिस्त्रीकडं एकत्र शिकलेले, एका ताटात जेवलेले. आणि दोघांचं बोलणं बंद. कारण ऐकून तुम्ही हसाल. आप्पांचं म्हणणं, झाड जसं उभं असतं तशीच काठी करायची. झाडाचा बुंधा मुठीत आणि शेंडा बॉलकडं. दादू अण्णांचं म्हणणं बरोबर उलटं. बुंध्याकडचं लाकूड भरीव असतं, बॉलचा मार त्यानंच सोसायचा, म्हणून बुंधा पुढं. ह्या एवढ्या गोष्टीवरून दोन शहाणी माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. अण्णांची काठी आमच्याकडं दुरुस्तीला आली, की आप्पा आधी तिच्या लाकडाला शिव्या घालायचे. मग पाकळ्यांवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "पाकळी बघ कशी काढलीय भाड्यानं!" आणि ती काठी इतक्या जपून दुरुस्त करायचे, की स्वतःच्या काठीलाही त्यांनी कधी एवढं जपलं नसेल.

मला पुरती काठी जमायला बरीच वर्षं गेली. पहिल्यांदा चारी पाकळ्या एका उंचीला थांबल्या तेव्हा मी काठी घेऊन आप्पांपुढं उभी राहिले. म्हटलं, "बरी झालीय काय?"

"मी घरचा माणूस. माझ्या बोलण्याला काय अर्थ हाय? निपाणीचा सांगंल बरी-वाईट."

"मग दाखवा की त्यांना."

"त्या माणसाशी मी बोलत न्हाय."

झालं! आता काय करायचं माणसानं? त्या काठीवर आप्पांचा पिंपळपानाचा पितळी शिक्का ठोकला गेला आणि ती मेसमध्ये गेली. नंतरच्याही सगळ्या तशाच गेल्या. खेळणारे येऊन म्हणायचे, "आप्पा, ह्या वयात काय हात चालतोय तुमचा!" आप्पा माझ्याकडं बोट दाखवायचे, लोकांना वाटायचं म्हातारा चहा सांगतोय. मी चहा आणायची. "मला नावाची हौस नव्हती" असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला बोलू, मला नाव हवंच होतं. गावात नको, पेपरात नको. आपल्याला काम येतं असं एकदा कुणीतरी म्हणावं, आणि ज्याला ते कळतं त्यानं म्हणावं. असा माणूस जगात एकच, तो निपाणीत, आणि त्याच्याशी आमच्या घराचं वाकडं.

ऐंशीच्या दशकात कधीतरी निपाणीच्या जिमखान्यानं मोठी स्पर्धा ठेवली. आमच्या टिळकवाडीतला शिरीष म्हणून एक बँकेत नोकरी करणारा मुलगा फार छान खेळायचा. त्यानं स्पर्धेसाठी नवी काठी सांगितली. नेमकं तेव्हाच आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांवर पट्टी, हलायचं नाही, वाकायचं नाही. मी म्हटलं, करते मी. आढ्यावरून चांगलं मुरलेलं हेदाचं लाकूड काढलं. आप्पा प्रत्येक लाकडाच्या बुंध्याकडच्या टोकाला गेरूचा ठिपका देऊन ठेवायचे. पण ह्या लाकडाची दोन्ही टोकं तडकली होती, म्हणून मी दोन्हीकडून चार-चार बोटं कापून टाकली. तुकडे चुलीत गेले, त्यांच्याबरोबर गेरूही गेला. तेवढ्यात कुणीतरी दारात आलं, मी लाकूड भिंतीला टेकवून गेले. परत येऊन उचललं आणि कामाला लागले.

काठी झाली. अशी झाली म्हणता, की मी तिला सारखी उचलून बघत होते. संध्याकाळी आप्पांच्या हातात दिली. त्यांनी पट्टी बांधलेल्या डोळ्यांनी मान वर केली आणि अंगठ्याचं नख टोकाकडून बुडाकडं नेलं, मग बुडाकडून टोकाकडं नेलं. पुन्हा तसंच केलं. लाकडाला लव असते, मांजराच्या अंगावर असते तशी. एका बाजूनं हात फिरतो, दुसऱ्या बाजूनं अडतो.

"उलटं लावलंस," आप्पा म्हणाले.

"काय?"

"बुंधा पुढं गेलाय. निपाणीचं लाकूड केलंस तू माझ्या घरात!"

मी काठी खिडकीत नेऊन बघितली. खाली एक मोहरीएवढी गाठ होती, आणि फांदीची रेघ शेंड्याकडं झुकायची ती इथं बुडाकडं झुकलेली होती. आप्पांचं बरोबर होतं. दुसरं मुरलेलं लाकूड घरात नव्हतं आणि स्पर्धा तोंडावर आली होती. मी म्हटलं, "आप्पा, चूक झाली. पण काठी सरळ हाय, तोल नीट हाय, पाकळ्या बघा, सॉरी, हात लावून बघा."

"पाकळ्या लई गोड हायत. पर ही काठी ह्या दुकानातनं जाणार न्हाय."

मीही काही कमी नाही. त्या रात्री आमटीत तिखट जरा सढळच पडलं. आप्पा हू की चू न करता जेवले. सकाळी शिरीष आला, त्यानं काठी उचलली, वाकून दोनदा हात मागं-पुढं केला, आणि त्याचा चेहराच बदलला. "आप्पा, मला हीच पाहिजे," तो म्हणाला. आप्पांनी हात पुढं करून पाकळ्या पुन्हा एकदा चाचपल्या. मग म्हणाले, "घेऊन जा. पर माझा शिक्का हिच्यावर बसणार न्हाय." लागलं मला ते. एवढी वर्षं माझ्या काठ्यांवर त्यांचा शिक्का बसतो म्हणून मनात कुढत होते, आणि त्या दिवशी तो बसत नाही म्हणून मोरीत जाऊन रडले.

नवीन काठीच्या टोकाला बसवलेलं चामडं पहिल्या खेळात पसरतं, ते कापून-घासून पुन्हा नीट करावं लागतं. त्या चामड्याला टिप म्हणतात. म्हणून मोठ्या स्पर्धेला काठीबरोबर कारागीर जातो. आप्पा जाऊ शकत नव्हते. ह्यांनी सुट्टी काढली आणि आम्ही दोघं निपाणीला गेलो. जिमखान्याच्या मागच्या व्हरांड्यात दुरुस्तीची जागा होती. तिथं तक्क्याला टेकून एक उंच, हाडकुळा म्हातारा बसलेला, पुढं टिपांचा डबा, कानस आणि सरस. मी ओळखलं, हेच दादू अण्णा. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाले, "जेवणाचा डबा आत नेऊन द्या बाई, हितं नका ठेवू." मी पिशवी घेऊन दुसऱ्या कोपऱ्यात बसले. हे गावात चहा शोधायला गेले.

पहिला डाव झाल्यावर शिरीष काठी घेऊन बाहेर आला. मी उठणार, तोवर अण्णांनी हात पुढं केला. जिमखान्याचे कारागीर तेच, त्यांचा हक्कच होता. त्यांनी टोकाकडं बघितलंच नाही. काठी आडवी मांडीवर घेतली, पाकळ्या उजेडात धरल्या आणि बघत बसले.

"कुणाची रं ही?"

"बेळगावची. आप्पांकडची," शिरीष म्हणाला.

"शिक्का कुठाय?"

"लावला नाही त्यांनी."

अण्णांनी नख फिरवलं. अगदी आप्पांसारखंच, एकदा असं आणि एकदा तसं. "ही आप्पाची न्हाय," ते म्हणाले. "ह्यात बुंधा पुढं हाय. आप्पा मरंल, पर असं लाकूड लावायचा न्हाय."

"मग तुमची असेल," शिरीष गमतीनं म्हणाला.

"माझं लाकूड मला कळत न्हाय व्हय? आन ह्या पाकळ्या बघ. आप्पाच्या आखूड असत्यात, भरल्याल्या. माझ्या अरुंद. ह्या लांब हायत, आन टोकाला जरा जरा उजवीकडं झुकल्यात. एखादी झुकली तर चूक म्हणावं. चारी झुकल्यात, आन सारख्या झुकल्यात. म्हंजे त्यो हातच तसा हाय." त्यांनी मान वर केली. "बेळगावात तिसरा कारागीर आलाय, आन मला कुणी सांगितलं न्हाय?"

माझ्या पाकळ्या झुकतात हे मला ठाऊकच नव्हतं हो! मी तर इतकी वर्षं आप्पांसारख्याच पाकळ्या काढतेय असं समजत होते. आप्पांचा शिक्का असता, तर अण्णांनी ती आप्पांचीच म्हणून बाजूला ठेवली असती. लाकूड सरळ लावलं असतं, तरी तेच झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून शब्द गेला, "माझी हाय ती."

"तुझी म्हंजे? नवऱ्याची?"

"नवरा कंडक्टर हाय. काठी माझी हाय. आप्पांची सून मी."

अण्णांनी काठी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "हात बघू." मी उजवा हात पुढं केला. अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधल्या जागी रंध्याचा घट्टा असतो, तो त्यांनी बोटानं दाबून बघितला. त्यांच्या हाताला तिथंच तसाच घट्टा होता. त्यांनी माझा हात सोडला, आपली कानस माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "मग बसलीस काय? टिप घास की. पोरगं खोळंबलंय."

बस, एवढंच. दिवसभर आम्ही त्या व्हरांड्यात बसलो, पण माणूस काठीबद्दल पुढं अवाक्षर बोलला नाही. शिरीष चांगला खेळला आणि शेवटच्या आधीच्या फेरीत स्वतःच्याच घाईनं हरला. परतीच्या बसमध्ये मी ह्यांच्यावर राग काढला. "एवढा मोठा कारागीर! बरी हाय म्हणाला असता, तर जीभ झडली असती काय त्याची?" हे शांतपणे म्हणाले, "वाईट हाय असं तरी कुठं म्हणाला?" कंडक्टरशी भांडून काही उपयोग नसतो, त्यांना रोज सवय असते.

घरी आल्यावर आप्पांनी भिंतीकडं तोंड करून विचारलं, "काय म्हणत होता दादू?" मी सगळं सांगितलं. तिसरा कारागीर म्हणाले तेही सांगितलं. पट्टीखाली आप्पांचा चेहरा काही कळला नाही. त्यांनी नुसतं "हं" केलं आणि पाणी मागितलं. त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. मी माझी नेहमीची कामं करू लागले, आणि मनातून तो विषय काढून टाकायचा प्रयत्न करत होते, पण निघत नव्हता.

पट्टी निघाली, आप्पांना जाड भिंगांचा चष्मा लागला. दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी मी दुकानात सरस तापवत होते, आप्पा बाकावर बसून कानस साफ करत होते, तेव्हा दारात दादू अण्णा उभे. खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. आप्पांनी बघितलं आणि पुन्हा कानशीकडं मान घातली.

अण्णा मला म्हणाले, "तुझ्या सासऱ्याला सांग, दादू आलाय."

हातभर अंतरावर बसलेले आप्पा मला म्हणाले, "त्याला सांग, मला आता दिसतंय."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "अण्णा, आप्पांना दिसतंय. आप्पा, अण्णा आलेत. बसा आता दोघंही."

अण्णांनी गोणपाट सोडलं. आत लाकूड होतं. मी तसं लाकूड तोपर्यंत फक्त जुन्या मोडक्या काठ्यांत बघितलं होतं. विलायती अ‍ॅश, अख्खं, कोरं, वर्षानुवर्षं मुरून मधासारखं झालेलं. त्याच्यावरच्या रेषा बाणांसारख्या एकामागोमाग एक गेलेल्या. आप्पा उठून उभेच राहिले.

"मिस्त्रीचं?" ते म्हणाले. इतक्या वर्षांनी एकमेकांशी बोललेला तो पहिला शब्द.

"व्हय. जाताना मला दिलेलं."

"अजून ठेवलंयस?"

"कुणासाठी वापरू? ह्या लाकडाला साजंल असा खेळणारा गावला न्हाय. पोरं तंबाखूत गेली. आन माझा हात बघ." त्यांनी हात पुढं धरला. तो थरथरत होता. निपाणीला दिवसभर शेजारी बसून मला ते दिसलं नव्हतं, त्यांनी टिपा मला का घासायला लावल्या ते आता कळलं. आप्पांनी तो हात बघितला, आणि आमचे आप्पा, जे स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन होताना डगमगले नव्हते, ते चष्मा काढून पुसू लागले.

अण्णांनी लाकूड माझ्या बाकावर ठेवलं. "घे. काठी कर ह्याची."

मी सरसाचे हात पदराला पुसू लागले. आप्पांना मात्र दम निघेना. ते लगबगीनं पुढं आले, लाकडाच्या एका टोकाला हात लावून म्हणाले, "हा बुंधा. हा मुठीत येणार."

"मुठीत कशाला?" अण्णा कडाडले. "बुंधा पुढं! एवढा म्हातारा झालास तरी तुला…"

"माझ्या दुकानात मला शिकवू नकोस!"

"लाकूड माझं हाय!"

मी मध्ये पडणार होते. पण अण्णाच थांबले. त्यांनी आप्पांच्या दंडाला धरलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आप्पा, ऱ्हाऊ दे. लाकूड माझं न्हाय आन दुकान तुझं न्हाय. कुठलं टोक कुठं, ते कारागिरानं ठरवायचं असतं. आपल्याला मिस्त्रीनं कधी सांगितलं होतं काय?"

आप्पांनी लाकडावरचा हात काढून घेतला. दोघंही माझ्याकडं बघू लागले. मी पदर खोचला, लाकूड उचललं, डोळ्याला लावलं, फिरवलं, पुन्हा डोळ्याला लावलं. मग मला जसं हवं होतं तसं ठेवून शिकंज्यात आवळलं. कुठलं टोक कुठं गेलं ते दोघांनी वाकून बघितलं आणि दोघंही मागं सरले. मी रंधा हातात घेतला.

आप्पा म्हणाले, "चल दादू, भायेर बसू. तिला काम करू दे."